चढायचा दोर

दुआनला कुणी विचारलं, "तुझं काम काय रे?" तर तो "रथ हाकतो" असं कधी म्हणायचा नाही. म्हणायचा, "मी धन्याला वर घेतो." आणि ते काही खोटं नव्हतं. आमच्या झान देशात घोडे कुणीही हाकेल. पण धनी रथात चढायला आला की सारथ्यानं वरून चढायचा दोर त्याच्या हातात द्यायचा, आणि तो धरून धन्यानं पाय उचलायचा, अशी रीत. दोर देणारा हात भरवशाचा लागतो, कारण तेवढ्या वेळापुरता धन्याचा सगळा भार त्या हातावर असतो. दोर ऐन वेळी सुटला तर राजा आणि हमाल दोघंही चिखलात सारखेच पडतात.

दुआनच्या आज्यानं राजाच्या आज्याला दोर दिला होता, बापानं बापाला. तेव्हा दुआन स्वतःला काही लहानसहान समजत नसे. जन्मला तबेल्यात, अंगाला चोवीस तास घोड्याचा वास, आणि नाक मात्र दरबाऱ्यासारखं वर. लोक हसायचे. पण राजाचा धाकटा मुलगा पिंगलू याला चढायला शिकवलं ते याच दुआननं. पोर पाच वेळा पडलं, पाच वेळा उठलं, आणि तेव्हापासून ते न बघता डावा हात पुढं करू लागलं, बोटं अर्धवट मिटलेली. दोर हातात येणारच, ही खात्री.

मग म्हाताऱ्या राजाला नवी राणी आली. तिला मुलगा झाला. थोरला राजपुत्र एका जेवणानंतर पोट धरून मेला, आणि पिंगलूला कळायचं ते कळलं. तो धावत तबेल्यात आला तर दुआननं घोडे जुंपूनच ठेवलेले.

"कुणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला पाहिजे? मांस खाऊन माणूस मेला की घोडे जुंपायचे, एवढी अक्कल तबेल्यातही असते. धरा दोर."

बरोबर गुआन नावाचा एक विद्वान निघाला. यज्ञयाग, पितरांच्या पूजा, कोणत्या पायरीवर कुणी उभं राहायचं, हे सगळं त्याला तोंडपाठ. आणखी बरेच जण निघाले होते, पण वाटेत एकेकाला घरची आठवण येत गेली. घोडे विकले गेले. रथ एका नदीत गेला. शेवटी दुआन एक हातगाडी ओढत होता आणि तिच्यावर झानचा भावी राजा ताप अंगावर घेऊन झोपला होता. रानकांदा उपटून त्याचं पाणी उकळायचं, पहिला वाडगा राजपुत्राला, दुसरा गुआनला, तळाचं उरलं तर स्वतःला. भूक फार चांगली गोष्ट नाही, पण ती माणसांना सख्खी करते. त्या वाटेवर कधीतरी पिंगलू त्याला "दादा" म्हणायला लागला. दुआन वरवर म्हणायचा, "असं नका म्हणू, धनी." आणि रात्री तोच शब्द चघळत झोपायचा.

हाओ देशाच्या राजानं त्यांना आसरा दिला. एक घर, महिन्याला बाजरीची पोती, आणि वर भरपूर दुर्लक्ष. वर्षं जाऊ लागली. दुआन हाओच्या राजाच्या तबेल्यात खरारा करायला लागला. तिथल्याच एका लोकरीचा नमदा कुटणाऱ्याची पोरगी आ-सांग हिच्याशी त्यानं लग्न केलं. बाई कामाला वाघ आणि जिभेला धार. तिला हा राजपुत्र पहिल्यापासून पटत नसे.

"तुमचा धनी 'दादा' म्हणतो तेव्हा हातातला वाडगा रिकामा असतो, बघितलंत का कधी?"

"अगं, परदेशात पडलाय बिचारा."

"आणि तुम्ही काय माहेरी आलाय?"

असंच चाललं असतं. पण एका पावसाळ्याच्या शेवटी झानहून बातमी आली, म्हातारा राजा गेला. नव्या राणीचा मुलगा गादीवर बसला. मुलानं बापासाठी मायदेशाकडं तोंड करून आक्रोश करायचा असतो, आणि गावाबाहेरच्या तांबड्या टेकाडावरून झानचे डोंगर दिसायचे. पायी गेलं तरी दुपारपर्यंत परत येता आलं असतं. पण पिंगलू हटून बसला.

"राजाचा मुलगा बापाला रडायला चार घोड्यांच्या रथातून जातो. मी काय भिकाऱ्यासारखा काठी टेकत जाऊ?"

"धनी, आपल्याकडं रथ नाही."

"तबेल्यात आहे की."

"तो हाओच्या राजाचा. त्याच्या परवानगीशिवाय जो कुणी त्यात चढेल त्याचा डावा पाय तोडतात."

"पहाटे जाऊ. त्याला कळायच्या आत येऊ. दादा, बाप मेलाय माझा."

इथं दुआननं नाही म्हणायला हवं होतं. आ-सांगनं आयुष्यभर हेच सांगितलं आणि तिचं बरोबर होतं. पण पिंगलूचा डावा हात पुढं आला, बोटं अर्धवट मिटलेली, आणि दुआनच्या हातानं दोर दिला. त्या टेकाडावर राजपुत्र रथात उभा राहून एवढा रडला की घोडेही मान खाली घालून उभे राहिले. परत येताना त्याचा चेहरा हलका झाला होता. चाकांना तांबडी माती लागली आहे हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. हाओच्या तबेल्यात चिखल काळा.

दुपारी शिपाई आले. तबेल्याच्या मुख्यानं माती ओळखली होती. रथ गेला होता हे नक्की, नेणारा झानच्या माणसांपैकी हेही नक्की. संध्याकाळपर्यंत नाव सांगा, नाहीतर तिघांनाही धरतो, असं सांगून ते गेले. घरात तिघं बसले. मग गुआन घसा साफ करून दुआनशी बोलू लागला, पण बघत होता चुलीकडं.

"आईबापांनी अंग अख्खं दिलेलं असतं. ज्याचं अंग तोडलं गेलं त्याला पितरांपुढं उभं राहता येत नाही. राजकुमारांचा पाय गेला, तर झानची गादी गेली. पाय काय, गेला तर गेला. गादी गेली तर आपण सगळे इथंच कुजणार."

दुआननं पिंगलूकडं बघितलं. तो नुसता एक शब्द बोलला असता, "नको दादा" एवढं जरी म्हणाला असता, तरी दुआननं तेच केलं असतं जे त्यानं पुढं केलं. त्याला फक्त तो शब्द हवा होता. पिंगलू स्वतःच्या गुडघ्यांवरचे हात बघत बसला.

तेव्हा दुआन उठला, हाओच्या दरबारात गेला आणि म्हणाला, "मीच नेला. घोड्यांचे पाय मोकळे करायला. माझ्या धन्याला ठाऊकही नव्हतं." आणि त्याचा डावा पाय घोट्याच्या वर तोडला गेला.

जखम भरत आल्यावर पिंगलूनं त्याला पाठीवर घेतलं आणि नदीवर नेलं. स्वतः, पाठीवर. हे दुआन कधी विसरला नाही. नदीकाठी पिंगलूनं अंबाड्यात खोचलेला हाडाचा काटा काढून पाण्यात फेकला आणि केस मोकळे सोडून शपथ घेतली. "ही नदी साक्षीला. ज्या दिवशी मी झानच्या राजधानीच्या दक्षिण दरवाजातून आत जाईन, त्या दिवशी दोर तुझ्याच हातून घेईन, दादा. दुसऱ्याच्या हातून घेतला तर या नदीनं मला गिळावं." दोघंही रडले. गुआनही तिथं होता. त्याचेही डोळे ओले झाले होते, उगीच खोटं कशाला बोलायचं.

दुआननं एक लाकडी ठोकळा तासला, वर आ-सांगनं नमद्याची गादी शिवून दिली. रथात त्यावर डावा खुंट रोवून तो पुन्हा रथ हाकायला शिकला. पुढं हाओच्या राजाला या पाहुण्याचा उपयोग दिसू लागला, पिंगलूला रथ मिळाला, आणि दुआननं त्याला कितीतरी वर्षं दोर दिला. एका पायावर. परदेशात कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग झानहून सरदार आले. राणीचा मुलगा मेला होता, गादी रिकामी होती, राजकुमारांनी यावं. हाओच्या राजानं फौज दिली. दुआननं घोड्यांच्या शेपट्या स्वतः विंचरल्या. आ-सांगला म्हणाला, "तू मागच्या गाडीतून ये. आणि दक्षिण दरवाजाशी मला बघ. त्या दिवशी मला दोन पाय असल्यासारखं वाटणार आहे."

"दोन पाय असल्यासारखं वाटणं आणि असणं यात फरक असतो," ती म्हणाली. पण त्या दिवशी तिनं नवा झगा घातला.

झानच्या सीमेवरची नदी ओलांडली आणि गुआन दुआनजवळ आला. अंगावर एव्हाना महामंत्र्याचा काळा पोशाख होता.

"दुआन, इथून पुढं लगाम शियाकडं दे." शिया म्हणजे बोलावणं घेऊन आलेल्या एका सरदाराचा पुतण्या. अजून धड मिसरूड फुटलं नव्हतं.

"का? घोड्यांनी माझी तक्रार केली की काय?"

"थट्टा नको. दक्षिण दरवाजातून रथ सरळ पितरांच्या मंदिराच्या अंगणात जातो. तिथं अंग तोडलेला माणूस चालत नाही. रीत तुला माहीत आहे."

दुआनला खरंच वाटलं, हा आपली फिरकी घेतोय. तो हसला. ती रीत राजपुत्रासाठी आहे, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. त्या रीतीपायी तर पाय दिला. तीच रीत आपल्यालाही लागू होईल हे त्याच्या मनात एवढ्या वर्षांत एकदाही आलं नव्हतं. घोड्यांच्या दातांवरून वय सांगणारा माणूस, पण इथं चुकला.

"अहो साहेब, पण तो पाय गेला कशात? तुम्ही होतात की तिथं!"

"ते आपल्या तिघांना ठाऊक आहे."

"मग झालं तर."

"पितरांना ठाऊक नाही."

"मग सांगा की त्यांना! तुमचा तर धंदाच तो, पितरांशी बोलायचा."

दुआन काठी आपटत पिंगलूच्या तंबूत गेला. तिथं दोघं जण राजपुत्राच्या कमरेला जेड दगडाचे लोलक बांधत होते. त्यानं मान वळवली नाही.

"धनी, हे म्हणतात लगाम शियाला दे."

"गुआन म्हणतो तसं कर. मी एकदा आत गेलो की बघतो सगळं."

"धनी, नदी साक्षीला होती."

मागून गुआन तंबूत आला होता. तो शांतपणे म्हणाला, "ती हाओची नदी. ही झानची."

दुआन वाट बघत उभा राहिला. पिंगलू आता चिडेल, निदान गुआनला गप्प तरी करेल. पिंगलू हसला नाही, चिडला नाही. लोलक बांधणाऱ्याला म्हणाला, "जरा सैल कर, पोटाला लागतंय." गरज सरो, वैद्य मरो म्हणतात ते दुआननं अनेकदा ऐकलं होतं. आपण वैद्य आहोत हे त्याला त्या तंबूत कळलं.

तो शेवटच्या गाडीतून आला, भांडी आणि चटयांच्या ढिगावर बसून. दक्षिण दरवाजाशी पोचेपर्यंत गर्दी पांगली होती. पहारेकऱ्यानं त्याचा पाय बघितला आणि भाजीच्या गाड्या जातात त्या पूर्व दरवाजाकडं बोट दाखवलं.

मग त्यानं बोलावण्याची वाट पाहिली. बोलावणं आलं नाही, नेमणूक आली. राजाच्या हरणांच्या बागेच्या फाटकावर रखवालदार.

"ही मेहेरबानी?" आ-सांग कडाडली. "अहो, कायद्यानंच पाय तोडलेल्यांना बागेची फाटकं देतात. कुणाही लंगड्या चोराला मिळते ही नोकरी!"

"नवं राज्य आहे गं. त्याला सवड नाही. एक दिवस बोलेल तो."

"कोण, तो? त्या दिवशी चुलीपाशी बसून बोलला होता तेवढंच ना?"

खरं सांगायचं तर आतून दुआनलाही आता शंका होती. पण शंका मान्य केली असती, तर पाय फुकट गेला हेही मान्य करावं लागलं असतं. म्हणून तो फाटकाशी बसून राजाची बाजू घेत राहिला, आपल्याशीच.

फाटकावर आधीचा एक रखवालदार होता, न्येन. त्यानं यज्ञाचा डुक्कर चोरला होता आणि त्याचा उजवा पाय गेला होता. अंगानं गोल, तोंडानं त्याहून गोल. पहिल्याच दिवशी त्यानं दुआनचा पाय मापला आणि म्हणाला, "देवानं जोडी जमवली! एक जोडा घेऊ, उजवा तुला, डावा मला. चांभाराला सांगूच नको, नाहीतर निम्मी कमाई बुडाली म्हणून छाती पिटेल." तेव्हापासून दोघं एकाच जोड्यात हिंडायचे. दुआननं त्याला सगळी हकीकत सांगितली. न्येननं मान डोलावली. "म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. माझं बरं, चोरही मीच आणि फाशीही मलाच. डुक्कर मात्र अप्रतिम होता."

दुसऱ्या वर्षी वसंतात राजा शिकारीला बागेत आला. सरदार आले, तंबू पडले, बाजरीच्या दारूचे रांजण आले. राजाचा रथ फाटकातून आत गेला तेव्हा दुआननं मान खाली घातली होती. त्याला फक्त चाकं दिसली.

दुपारी आंधळे गवई आले. मेजवानी कुंपणापलीकडंच होती, घंटा आणि तंतुवाद्यं स्पष्ट ऐकू येत होती. म्हाताऱ्या गवयानं राजाच्या वनवासाचं नवं गाणं सुरू केलं. रानकांदे आले, हातगाडी आली. दुआननं न्येनचा हात धरला. "ऐक, आता येईल. आता माझं येईल."

आलं. परदेशात सारथ्याची बुद्धी फिरली. यजमान राजाचा रथ त्यानं चोरून नेला. लोक म्हणाले, राजकुमार आपल्या माणसाला वाचवतील. राजकुमारांनी डोळे पुसले आणि म्हणाले, कायदा माझ्या माणसालाही तोच. सारथ्याचा पाय तुटला, आणि हाओच्या राजानं त्या दिवशी ओळखलं की हा माणूस गादीच्या लायकीचा आहे. कुंपणापलीकडं सरदारांनी मांड्यांवर थापा मारून वाहवा केली.

पाय तोडताना दुआन ओरडला होता, आता ओरडताही येईना. जे खोटं त्यानं एका माणसाला वाचवायला एका दरबारात एकदा सांगितलं, ते आता तोच माणूस गाणं करून देशभर पाठवत होता.

न्येन हळूच, मायेनं म्हणाला, "अरे वेड्या, मला सांगायला काय हरकत होती? मी पण चोरच की. मी काय तुला नावं ठेवली असती?"

हा घाव सगळ्यांत खोल गेला. न्येनच्या बोलण्यात टोमणा नव्हता. उलट आज मैत्री घट्ट झाली असं त्याला वाटत होतं. त्यानं आपल्या वाट्याचं खारवलेलं मांसही दुआनपुढं सरकवलं.

म्हातारा गवई काठी टेकत पाणी प्यायला फाटकाशी आला, तेव्हा दुआननं त्याला विचारलं, "आजोबा, हे गाणं कुठलं?"

"महामंत्री गुआनसाहेबांनी हकीकत सांगितली, आम्ही बसवलं."

"आणि राजानं ऐकलं?"

"आधी एकट्यानंच ऐकलं, आजच्या आधी. रडले म्हणे. आम्हाला दिसत नाही, पण आवाज कळतो."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, असंच असू दे."

त्या संध्याकाळी आ-सांगनं ते गाणं विहिरीवर ऐकलं होतं. एका शेजारणीनं तिला बघून आपली वाळत घातलेली लोकर उचलून घरात नेली होती. आ-सांगनं चुलीवर सोयाबीनच्या पानांचं कालवण ठेवलं आणि पळ्यानं ढवळलं.

"मी माझा देश सोडून आले," ती म्हणाली, "कारण तुमच्यासारखा खरा माणूस मी बघितला नव्हता. आता मी चोराची बायको. मला काही नाही वाटत. पण तुम्ही अजून त्याची बाजू घेतलीत ना, तर हा पळा तुमच्या डोक्यात घालीन."

दुआन म्हणाला, "नाही घेत." पहिल्यांदाच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शिकार आटोपून राजा निघाला. फाटकाशी येता येता शियानं घोडे जरा जोरात वळवले आणि उजवीकडच्या घोड्याच्या जोखडाची वादी तुटली. घोडा उधळू लागला. शिया उडी मारून घोड्यांच्या तोंडाशी गेला, रथातला भालाईत दुसरीकडून धरायला गेला, आणि राजा मागच्या बाजूनं खाली उतरला. सरदारांचे रथ मागं थांबले. गुआनही होता. न्येननं आपल्या कमरेची चामड्याची वादी काढून दिली, शियानं ती बांधली. घोडे थरथरत होते म्हणून त्याला लगाम सोडता येईना.

राजा चढायला वळला. रथाच्या मागच्या कडेला दोर लोंबत होता आणि त्याच्या सगळ्यांत जवळ उभा होता दुआन. राजानं बघितलंही नाही. मन कुठंतरी दुसरीकडं असेल. त्याचा डावा हात आपोआप पुढं आला, बोटं अर्धवट मिटलेली.

आणि दुआनचा हात दोराकडं गेला. दुआननं पाठवला नव्हता, गेला. रेशमी दोर होता, नवा, मऊ. त्यानं तो धरला आणि तिथंच थांबला.

दोर आला नाही म्हणून राजानं वर बघितलं. ओळख पटायला वेळ लागला नाही. त्याचे ओठ हलले. इतक्या हळू की फक्त दुआनलाच ऐकू आलं, "दादा."

तेवढ्यानंही दुआन विरघळला असता. खरंच विरघळला असता, असा माणूस तो. दोर देता देताच तो म्हणाला, "देतो, धनी. फक्त एवढंच सांगा या सगळ्यांना. त्या दिवशी हाओच्या रथात कोण चढलं होतं?"

सरदार बघत होते. गुआनही. राजा आपल्या पुढं केलेल्या हाताकडं बघू लागला. दुआननं वाट बघितली. चुलीपाशी बघितली होती, तंबूत बघितली होती, तशीच. एक शब्द पुरला असता.

राजा स्वतःचा हात बघत राहिला.

"मग राहू दे, महाराज," दुआन मोठ्यानं म्हणाला. "चोराच्या हातून दोर घेऊ नये. पितरांना चालत नाही." आणि त्यानं दोर सोडला.

दोर देणं सारथ्याचं काम, दुसऱ्या कुणाची पुढं होण्याची प्राज्ञा नव्हती. झानचा राजा चाकाचा आरा धरून चढला. एकदा पाय घसरला, गुडघा फळीवर आपटला, काळ्या पोशाखाला चिखल लागला. वर उभं राहून त्यानं मागं न बघता शियाला म्हटलं, "हाक." त्यानं दुआनला शिक्षा केली नाही. करायची तर कशासाठी हे सांगावं लागलं असतं.

रथ दिसेनासे झाल्यावर न्येन जमिनीवर बसला आणि पायातला जोडा काढून झटकू लागला.

"दुआन, काल मी तुला जे म्हणालो ते परत घेतो."

"का रे?"

"मी खरा चोर आहे. डुकराबद्दल विचारलं तेव्हा माझं तोंड कसं झालं होतं ते मला आठवतंय." त्यानं रस्त्याकडं हनुवटी केली. "आज मी ते तोंड परत बघितलं."

घरी आल्यावर आ-सांगनं त्याच्याकडं एकदा बघितलं आणि विचारलं, "भेटला?"

"भेटला."

"ओळखलं?"

"हातानं ओळखलं. तोंडानं नाही."

तिनं हातातला पळा खाली ठेवला आणि चटया गुंडाळायला लागली. तिला विचारावं लागलं नाही, त्यालाही सांगावं लागलं नाही. लाकडी ठोकळा दुआननं चुलीत घातला. जुनं, सुकलेलं लाकूड, भुरभुर पेटलं.

हाओकडं नमदे घेऊन जाणारी एक बैलगाडी सकाळी निघत होती. न्येन निरोप द्यायला आला आणि उजवा जोडा बघून म्हणाला, "आता चांभाराकडं एकटं जावं लागणार." मग तोंड फिरवून उभा राहिला.

गाडीची कड उंच होती. दुआन एका पायावर खाली उभा, काठी टेकून, कसं चढावं याचा विचार करत. आ-सांग वर चढली होती. तिनं नमदे बांधायचा जाडाभरडा दोर सोडवला, एक टोक आपल्या मनगटाला गुंडाळलं आणि दुसरं त्याच्या पुढं सोडलं.

आयुष्यभर त्यानं दुसऱ्यांना दोर दिला होता. त्याला कुणी दिला नव्हता. तो दोराकडं बघतच राहिला.

"बघता काय? धरा," ती म्हणाली. "मी सोडणार नाही."

त्यानं धरला, आणि आपला सगळा भार तिच्यावर टाकला.